मध्यबिंदूला बेरीज का? भाचा वजाबाकीवर अडून बसलाय

पलासियाची मावशी
भाचा दहावीत आहे, सीबीएसई. काल ए(−३, ५) आणि बी(७, −१) चा मध्यबिंदू काढायचा होता, तर यानं ७ मधून −३ वजा केले, −१ मधून ५ वजा केले, दोन्हीचं अर्धं केलं आणि (५, −३) लिहून मोकळा. पुस्तकात मागे उत्तर (२, २). मी म्हटलं अरे बेरीज कर, तर म्हणतो अंतराच्या फॉर्म्युल्यात वजा मग इथेच प्लस का, अर्धं अंतरच तर पाहिजे ना. मी पडले कॉमर्सवाली, रट्टा मार म्हणाले तर रुसून बसलाय.

राजवाडा काका
अहो ताई, पोरगं चुकलं नाहीये, अर्ध्यात थांबलंय! (५, −३) म्हणजे किती चालायचं ते, उजवीकडे ५ आणि खाली ३. पण निघायचं कुठून? ए पासून ना, शून्यातून थोडीच. −३ मध्ये ५ मिळवा, ५ मधून ३ काढा, आले की नाही (२, २). पहिला एक्स पूर्ण घेतला, मग फरकाचं अर्धं मिळवताना त्याच एक्सचा अर्धा वजा झाला, म्हणजे दोघांचे अर्धे अर्धे उरले, तीच ती बेरीज भागिले २. रुसवा काढायला इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, तळलेले गराडू (एक कंद) खाऊ घाला.

भिया_गणितवाला
काकांना +१. अजून एक, मध्यबिंदू दोन्ही टोकांच्या मधेच पडायला हवा. त्याचा ५ हा −३ आणि ७ च्या मधे आहे म्हणून खपून गेला, पण वायचा −३ तर −१ च्याही खाली गेलाय, तिथेच पकडता आलं असतं. आणि पेपरात उलटं पण विचारतात, मध्यबिंदू आणि एक टोक देऊन दुसरं काढा, तेव्हा मध्यबिंदूची दुप्पट वजा दिलेलं टोक.

सुदामानगर
मी मुलीला नकाशावर दाखवलं होतं. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व, उज्जैन २३.१८ आणि ७५.७८. सरासरी २२.९५, ७५.८२, बोट ठेवलं तर वाटेतल्या सांवेर गावाच्या जरा अलीकडे, इंदूरच्या बाजूला! जवळजवळची गावं आहेत म्हणून जमतं हं, इंदूर–लंडन असं करू नका, पृथ्वी गोल आहे.

पलासियाची मावशी
सांवेरवर एकदम पटलं त्याला, आता उज्जैनच्या जागी देवास घालून बघून राहिलाय. काका, गराडू थंडीतच मिळतात हो, सध्या भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसावर मांडवली झाली.