१९७४ ची कॅप्रिस इस्टेट वॅगन, मागचं गेट निम्म्यात अडकतंय

रंकाळा_रायडर:
मंडळी, माझा आतेभाऊ अमेरिकेत ओहायोत असतो, त्यानं तिथं १९७४ ची शेव्हरोले कॅप्रिस इस्टेट घेतलीय, स्टेशन वॅगन, म्हणजे मागं सामानाला मोठी जागा असलेली गाडी, जवळजवळ १९ फूट लांब, दारांवर लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल. इंजिन एकदम झकास. पण मागची काच वर छपरात जाते आणि खालचा पत्रा फ्लोअरखाली सरकतो ना, तो पत्रा निम्म्यात गेला की एका बाजूनं तिरका होऊन अडकतोय. तिथला मेकॅनिक म्हणतोय वेल्ड मारून बंदच करून टाका. मला काय ते पटेना. पत्रा ज्यावर सरकतो ते रोलर वगैरे आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून घेऊन पाठवता येतील का, आणि आधी बघायचं काय?

जुनी_मोटार:
वेल्ड अजिबात मारू देऊ नका दादा! दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला गर्दी करणारी माणसं आपण, असलं ऐकून घ्यायचं नाही. हे गेट जीएमनं, म्हणजे जनरल मोटर्सनं, फक्त १९७१ ते ७६ च्या मोठ्या वॅगनना दिलं, शेव्हरोले, पाँटियाक, ओल्डस्मोबिल, ब्यूक. ७७ ला गाड्या लहान केल्या आणि ते गेलं ते गेलंच. दार बाहेर येतच नाही, त्यामुळं मागं भिंतीला टेकवून गाडी लावली तरी उघडतं, महाद्वार रोडवर गाडी लावणाऱ्याला याची किंमत कळेल.

आता आजार. पत्रा ज्या कप्प्यात उतरतो तिथं पाणी, चिखल साठतो आणि तिकडं थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं गंज धरतो. आधी टॉर्च मारून आत बघायला सांगा, कुठं सडलंय का. मग रोलर ज्यातनं सरकतात त्या दोन्हीकडच्या पट्ट्यांतलं वाळून घट्ट झालेलं जुनं ग्रीस रॉकेलनं आणि ब्रशनं काढायचं. गेटला मोटर असली तर अडकल्यावर बटण दाबत बसू नका, मोटर जळेल.

पंचगंगा७१:
खरं सांगू का, फोर्ड कंट्री स्क्वायर घ्यायला पाहिजे होती. तिचं मागचं दार खाली पण पडतं आणि बाजूला पण उघडतं, ६६ पासून तसंच. साधं काम, बिघडायला काय नाहीच त्यात.

जुनी_मोटार:
फोर्डचं दार सोपं, मान्य. पण ते उघडायला मागं जागा लागते की! आणि सव्वादोन टनाची गाडी हौसेनं घेतलीय त्यानं, सोय बघून नाही.

लेथ_आणि_चहा:
रोलर होतील की, त्यात काय अवघड नाही. पण फोटोवरनं काम होत नाही, नमुना पाठवा. आणि झिजलेला नको, ज्या बाजूनं नीट सरकतंय तिथला काढा, झिजलेल्यावर माप घेतलं तर नवीन पण झिजल्या मापाचाच होणार. दुसरं म्हणजे पट्टीची आतली रुंदी व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या कॅलिपरनं, तीन ठिकाणी मोजायला सांगा, तोंडाशी, मधी आणि जिथं अडकतंय तिथं. तिथं पट्टी चेपली असंल तर सोन्याचा रोलर घातला तरी अडकणार. मूळ रोलर स्टीलचा आहे का नायलॉनचा ते पण कळवा, मटेरियल बदलू नका.

रंकाळा_रायडर:
लई भारी माहिती मिळाली. भाऊ शनिवारी गेट खोलतोय. त्याच्या ओळखीचं एक कुटुंब गणपतीला कोल्हापूरला येतंय, त्यांच्याबरोबर रोलर मागवतो. लेथवाले दादा, कुठल्या गल्लीत यायचं ते मेसेज करा.