चार-पाच वर्षं टिकलेली मंडळंही मोजायला हवीत

‘चित्रपट समीक्षकांचं एखादं मंडळ चार-पाच वर्षांत बंद पडलं, म्हणजे त्याची नोंद घेण्याचं कारण नाही’ असं एक मत मांडलं जातं; ते मला पटत नाही. बंगालमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेला दीर्घ आयुष्य होतं, तिचे पुरस्कार होते, मान्य. पण त्याच कलकत्त्यातली दुसरी संस्था बघा.

१९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता वगैरे मंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. ती औपचारिक अर्थानं समीक्षकांची संघटना नव्हे, पण सिनेमा बघून त्यावर नेटानं बोलणारे, लिहिणारे तिथेच घडले. भारतीय चित्रपटांचं नेमकं काय चुकतं यावर रायांचा लेख १९४८ सालचा, म्हणजे त्यांनी स्वतः एक फूटही चित्रित करण्याआधीचा! पुढे १९५२ च्या सुमारास सोसायटी थंडावली आणि १९५६ मध्ये, ‘पथेर पांचाली’ या रायांच्या पहिल्या चित्रपटानंतर, पुन्हा उभी राहिली. १९५९ मध्ये देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, त्याचे पहिले अध्यक्ष रायच. मधली रिकामी वर्षं बघून कुणी तिच्यावर फुली मारली असती, तर केवढी चूक झाली असती. मंडळ किती वर्षं चाललं यापेक्षा तिथल्या माणसांनी नंतर काय केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.