नववीच्या मुलांना धंद्याचा हिशेब आणि संगणक शिकवायचाय, १५ हजारांत काय घेऊ?

खडूवाले_मास्तर
नमस्कार मंडळी. आटपाडी बाजूच्या एका हायस्कूलात गणित शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी १५,००० रुपये दिलेत आणि हेडसरांनी ते माझ्या गळ्यात घातलेत. म्हणाले, नववीला व्यवहार आणि संगणक शिकवा. मुलं ४२. आठवड्याला दोन तासिका, ३५ मिनिटांच्या. कक्षात आठ डबे, त्यातले सहा चालतात, विंडोज ७, रॅम दोन जीबी. नेट ऑफिसात आहे, कक्षापर्यंत येता येता दमतं. दुपारी लाईट जाते.

घरं डाळिंबाची, शेळ्यांची, दोन-चार जणांची किराणा दुकानं. वर्ष संपताना पोराला जमाखर्च मांडता यावा, बापाला व्यापाऱ्याकडून आलेली पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशेब) तपासता यावी आणि एक अर्ज टाइप करता यावा, एवढीच इच्छा. काय विकत घेऊ, कुठून सुरुवात करू? पैसे वाढणार नाहीत, तेव्हा कृपया तसं सुचवू नये.

गॅझेटराव
१५ हजारांत आजकाल काही येत नाही सर. सरळ पाच लॅपटॉप घ्या, ३५ च्या आसपास चांगले मिळतात. मी मुलीला १६ जीबीवाला घेतला, लोण्यासारखा चालतो. एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच.

खडूवाले_मास्तर
१५ हजार एकूण आहेत, एका नगाचे नाहीत.

गॅझेटराव
मग निदान दोन घ्या.

टॅलीतात्या
लॅपटॉपचं सोडा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकवा, पोरगं उपाशी मरणार नाही. आमच्याकडे बी.कॉम. झालेली मुलं येतात, व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकता येत नाही आणि पगार विचारतात. लायसन्स लागत नाही, टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये फुकट चालतं. फक्त महिन्याची १, २ आणि शेवटची तारीख एवढ्याच तारखांना नोंद करता येते. सरावाला पुरतं.

रोजकीर्द
तात्या, नववीच्या पोराला नावे आणि जमा कळत नसताना टॅली म्हणजे नुसतं बटण दाबणं. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट पाठ होतं, पैसा कुठून निघून कुठे गेला ते विचारलं की तोंडाकडे बघतात. आधी वहीत रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), मग खतावणी (खात्यावार मांडणी), मग तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची यादी) जुळवायची. तेरीज जुळली नाही की पोरं रडकुंडीला येतात, तिथेच शिकतात.

टॅलीतात्या
वह्या लिहायचा काळ गेला. तुमच्यासारख्यांमुळेच आपली मुलं मागं.

रोजकीर्द
तुमच्या त्या बी.कॉम. मुलांना व्हाउचर का येत नाही, याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

नेटकी_नंदा
लिब्रेऑफिस (टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर) टाका सर, फुकट आहे, मराठीतही दिसतं. पण विंडोज ७ वर नवं घेऊ नका, २५.८ पासून ७ चालत नाही. जुनं २५.२ उतरवा. आणि मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल म्हणजे व्हिडिओ धडे आहेत, कॅल्कचे (लिब्रेऑफिसमधल्या स्प्रेडशीटचे) मराठीतही मिळतात, छोटे छोटे. ऑफिसच्या नेटवरून पेनड्राइव्हवर घेऊन कक्षात लावा. माझ्या शाळेत मी हेच करते. एका डब्यावर तीन मुलं बसवायची आणि मधल्याच्या हातात माऊस द्यायचा नाही, नाहीतर बाकीचे दोघे वर्षभर बघेच राहतात.

सावंतवाडीकर
लिब्रेऑफिस टाका. फुकट आहे.

पायथनप्रेमी
मला कळत नाही २०२५ नंतरही आपण स्प्रेडशीट काय घेऊन बसलोय. पायथन शिकवा. एआय शिकवा. अर्ज टाइप करायला तर माणूसही लागत नाही आता.

डाळिंबवाला
पायथनसाहेब, माझ्या पट्टीत हमाली दोनदा कापली होती. ती शोधायला एआय आला नव्हता, माझी दहावी नापास बायको आली.

मास्तर, पट्टीचा विचार एक नंबर आहे. मुलांना घरून जुन्या पट्ट्या आणायला सांगा. क्रेट किती, वजन किती, प्रत कुठली, दर काय, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात काय. एका व्यापाऱ्याने माझी पट्टी पेनाने लिहून दिली, बेरीज चुकलेली, आणि चुकली कुणाच्या बाजूने ते सांगायला नको. नाव घेत नाही, त्याच्याकडेच परत जावं लागतं.

काटामापन
आणि आडत (अडत्याचं कमिशन) कापतात ते विसरलात.

डाळिंबवाला
२०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराने द्यायची आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत दिसली तर विचारायची.

काटामापन
कागदावर. आमच्याकडे दुसऱ्या नावाने दिसते.

डाळिंबवाला
मग पोरांना तेच शोधायला लावा की. रकाना "इतर" असेल तर बापाला विचारायचं, हे "इतर" म्हणजे कोण?

टंकलेखिका
टायपिंगकडे कुणी बघत नाहीये, म्हणून लिहिते. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवरच शिकवा. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) आधीपासून असतं, काही विकत घ्यायचं नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. सवय लागली की हिंदीही त्याच बोटांवर येतं. इंग्रजी सरावासाठी क्लावारो नावाचं सॉफ्टवेअर आहे, नेट लागत नाही. पुढे राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा देता येते, ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिटाची. नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागतात.

गमभनवाला
कशाला छळ. इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी उमटतं. मी सगळे लेख असेच लिहितो.

टंकलेखिका
म्हणूनच तुमच्या लेखात "ज्ञ" सापडत नाही.

गमभनवाला
व्यक्तिगत होऊ नका. ज्ञ मला येतो. हा बघा: ज्ञ.

नेटकी_नंदा
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना. मागच्या धाग्यातही हेच झालं.

पाबळचा_पक्या
शाळेत असताना आम्हाला आयबीटी होतं, पाबळच्या विज्ञान आश्रमाचा अभ्यासक्रम. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. आम्ही गावात वायरिंग दुरुस्त करायचो, वेल्डिंग करून बाकं करायचो, माती तपासायचो आणि त्याचे पैसे घ्यायचो. धंदा शिकवायचा तर धंदा करू द्या. प्रत्येक कामाचा खर्च आधी कागदावर काढायला लागायचा. लोखंड किती, रॉड किती, मजुरी किती. मजुरी लिहिली नाही तर सर वही परत द्यायचे, "तुझा वेळ फुकट आहे का रे?" म्हणून. तो प्रश्न मला अजून पुरतोय, वर्कशॉप आहे माझं.

शाळामाउली
आमच्या जि.प. शाळेत बालबाजार भरतो! मुलं भाजी, भेळ, वडापाव विकतात. मागच्या वर्षी एका मुलीने ८०० रुपये कमावले!! वर्तमानपत्रात फोटो आला होता.

रोजकीर्द
माउली, राग मानू नका, पण भेळेचा चुरमुरा, फरसाण, चिंच, गॅस हे सगळं घरून आलेलं असतं. आई पहाटे उठून चटणी वाटते. मग ८०० विक्री झाली की नफा? खर्च मांडलाच नाही तर सगळीच विक्री नफा दिसते. बालबाजारात आपण मुलांना नेमकं हेच शिकवतो आणि वर टाळ्या वाजवतो. भरवा जरूर, पण आदल्या दिवशी प्रत्येकाने आईकडून सामान "विकत" घ्यायचं, उधारीवर का होईना, आणि संध्याकाळी आईचे पैसे चुकते करायचे. उरले तर नफा. नाही उरले तर तोही धडाच.

शाळामाउली
मुलांचा आनंद महत्त्वाचा असतो हो. सगळीकडे ताळेबंद कशाला. (पण आईकडून विकत घेण्याची आयडिया आवडली, यंदा करते.)

न्यूजर्सीकर
इथे हायस्कुलात एफबीएलए नावाची संघटना असते, मुलं बिझनेस प्लॅन करतात, स्पर्धांना जातात. माझा मुलगा राज्य पातळीवर गेला. आपल्याकडे असं काही नाही याचं वाईट वाटतं.

पाबळचा_पक्या
वर काय लिहिलंय वाचलंत का?

दिल्लीदूर
दिल्लीत होतं की. सरकारी शाळांत अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्याला माणशी २,००० रुपये भांडवल द्यायचे. बिझनेस ब्लास्टर्स नाव. गट करून पैसे एकत्र करायची मुलं. आणि केरळच्या शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर आहेत, सगळं मुक्त सॉफ्टवेअर.

पेंग्विनदादा
केरळचा विषय निघालाच आहे तर, त्या सहाही डब्यांवर विंडोज ७ उडवा आणि हलकं लिनक्स टाका. दोन जीबीत एक्सएफसीई (लिनक्सचा हलका डेस्कटॉप) छान चालतं. ७ ला आता सुरक्षा अपडेट नाहीत. १५ हजारांतले पाच-सहा हजार एसएसडी आणि जुन्या रॅमला घाला, बाकीच्यांत इन्व्हर्टरची बॅटरी. कुणीही काहीही सांगो, पैसे तिथेच घाला.

गॅझेटराव
मी आधीच म्हटलं होतं, एसएसडी हवीच.

इन्व्हर्टरग्रस्त
बॅटरीचं नाव काढू नका. आमच्या शाळेला एकाने ट्यूब्युलर म्हणून दिली, वर्षभरात फुगली. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही म्हणे. लाईट जाते त्या वेळेला तासिकाच ठेवू नका, सकाळची मागून घ्या. फुकटात काम.

टॅलीतात्या
टॅलीला लिनक्स चालत नाही, आधीच सांगून ठेवतो.

सावंतवाडीकर
प्रिंटर तेवढा घेऊ नका. शाळेत प्रिंटर आला की सगळा स्टाफ घरची कामं घेऊन येतो. आमच्याकडे मुख्याध्यापकांच्या भाचीच्या लग्नाचा मेनू छापला गेला.

नेटकी_नंदा
+१. प्रिंटर म्हणजे पांढरा हत्ती.

पेंग्विनदादा
अनुमोदन. शाळेत प्रिंटर नको.

आईचा_डबा
जरा वेगळं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँक देऊ शकते. पोस्टातही दहाच्या वर मुलाच्या सहीने उघडतं, ५०० रुपयांत. स्लिप भरणं, पासबुक वाचणं, व्याज कुठे जमा झालं ते शोधणं हे करून घ्या. माझ्या लेकाने पासबुक छापून आणलं तेव्हा "आई, यांनी मला पैसे का दिले?" म्हणाला. व्याजाचा धडा तिथे सुरू झाला. आणि यूपीआयचा पिन कुणाला सांगायचा नाही, पैसे *येण्यासाठी* पिन लागत नाही, एवढं तरी घोकून घ्याच. आमच्या सासऱ्यांना हे माहीत नव्हतं, नऊ हजार गेले.

खडूवाले_मास्तर
सगळ्यांचे आभार. सगळं वाचलं, ज्ञसुद्धा. हेडसरांशी बोलून ठरवलंय, आणि ठरलेलं कुणालाच आवडणार नाही.

प्रिंटर घेतोय. जुना लेसर, एचपीचा १०२०, तालुक्याला ४,५०० ला मिळतोय. कारण असं, की चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका आम्ही बाहेरून काढतो, पानाला दीड रुपया. तेच काम आता नववी करणार, शाळेला सव्वा रुपयाने. शाळा गिऱ्हाईक, मुलं दुकानदार. टोनर, कागद, वाया गेलेली पानं, सगळं खर्चात लिहायचं, आणि पक्याभाऊ म्हणाले तशी मजुरीसुद्धा. प्रश्नपत्रिका फुटायला नको म्हणून नववीच्या पेपरांचं काम त्यांच्याकडे नाही, तो शिपाईमामा काढतील.

पहिले दोन महिने संगणकाला हात नाही. रोजकीर्द वहीतच. त्यानंतर तीच वही कॅल्कमध्ये उतरवायची, म्हणजे सूत्र कशासाठी हे विचारावं लागणार नाही. रॅम, एसएसडी, बॅटरी काही नाही. विंडोज ७ राहू देतोय, नेट जोडणारच नाही, आणि पेनड्राइव्ह फक्त माझाच लागेल. उरलेल्यातले ५,००० मुलांचं फिरतं भांडवल, बाकीचे टोनर आणि कागदाला. तासिका सकाळची मिळाली, इन्व्हर्टरग्रस्त यांचे विशेष आभार.

नेटकी_नंदा
सर!! एवढं सांगून प्रिंटर?

गॅझेटराव
पैसे वाया. लिहून ठेवा.

पेंग्विनदादा
विंडोज ७?? मी या धाग्यावर परत येणार नाही.

रोजकीर्द
मला पटलं. फक्त स्टाफची उधारी लिहायला वेगळं पान ठेवा, प्रत्येकाच्या नावाने. शिक्षकांची येणी वसूल करणं हा अभ्यासक्रमातला सर्वात अवघड धडा ठरणार आहे.

खडूवाले_मास्तर
स्टाफला रोखीनेच. हेडसरांनाही. तसं कक्षाच्या दारावर एका मुलीच्या सुंदर अक्षरात लावलंय.

सावंतवाडीकर
१०२० ला १२ए टोनर लागतं. कंपनी दोन हजार पानं म्हणते, पण ती पाच टक्के शाई धरून. गच्च छापलेली प्रश्नपत्रिका असेल तर तेवढी येणार नाहीत, पानाचा खर्च काढताना दीड हजार पानंच धरा. एखादं रिकामं कार्ट्रिज जवळ ठेवा, रिफिलला पाठवलं की काम अडत नाही.

पेंग्विनदादा
आणि पुढे कधी लिनक्सवर आलात तर १०२० ला एचपीलिपचं (लिनक्समधला एचपीचा ड्रायव्हर) प्लगिन वेगळं उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंटर दिसतो पण छापत नाही.

गमभनवाला
तुम्ही परत येणार नव्हता ना?

डाळिंबवाला
मास्तर, पट्टीची ती कॅल्कची शीट बनली की इथे टाका. माझ्याकडे गेल्या बहाराच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत पडून आहेत.

खडूवाले_मास्तर
टाकतो. भाडं गाडीवर मोजायचं की क्रेटवर, यावर वर्गात दोन गट पडलेत. तुमच्याकडे कसं कापतात?

डाळिंबवाला
क्रेटवर. पण रिकामे क्रेट परत येतात त्याचंही भाडं लावतात, तो रकाना वेगळा ठेवा.