नैरोबीची मटाटू: सोय की नाइलाज?

मुक्काम_नैरोबी:
सहा वर्षे इथे राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, नैरोबीत सार्वजनिक वाहतूक नाही हे म्हणणे खोटे आहे. ती आहे, पण सरकारने नव्हे, लोकांनी उभी केलेली आहे. मटाटू म्हणजे खासगी मिनीबस, आपल्या वडापची रंगीत आणि कर्णकर्कश बहीण. स्वाहिलीत ‘टाटू’ म्हणजे तीन, आणि दहा सेंटांची तीन नाणी हे एके काळचे भाडे, त्यावरून हे नाव पडले. १९७३ मध्ये केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी परवान्याविना गाड्या चालवण्याची मुभा दिली आणि जिथे कंपनीची बस कधी फिरकली नव्हती, अशा वस्त्याही शहराशी जोडल्या गेल्या. जे चालते आहे, त्यात सरकारने हात घालू नये.

नियमप्रिय:
अजिबात पटले नाही. पाऊस सुरू होताच भाडे दुप्पट होते आणि गाडी भरेपर्यंत थांब्यावरून हलत नाही, याला सोय कशी म्हणावी? ज्यांना तेही भाडे परवडत नाही, ते मुकुरू किंवा किबेरा या झोपडपट्ट्यांतून औद्योगिक भागापर्यंत पहाटे पायी निघतात, आणि तुमच्या कौतुकात त्यांना कुठेच जागा नाही. तेव्हाचे वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी फेब्रुवारी २००४ पासून आसनपट्टे, वेगनियंत्रक आणि छोट्या गाड्यांत चौदाच प्रवासी हे नियम लावले, तेव्हाच प्रवाशाला प्रथम माणसासारखे बसता आले.

मुक्काम_नैरोबी:
बसता आले खरे, पण कोणाला? त्याच दिवसांत गाड्या कमी पडल्या, भाडी चढली आणि पायी जाणाऱ्यांची संख्या वाढली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

खडीसाखर:
दोघेही नैरोबीतच अडकला आहात. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये मे २०१६ पासून जलद बस स्वतंत्र मार्गिकेतून धावते, आणि किमारा हे उपनगर ते शहराचा मध्यभाग हे अंतर, ज्यात पूर्वी डालाडालामध्ये (तिथल्या मटाटूत) घामाघूम होऊन अर्धी सकाळ जात असे, बरेच लवकर कापता येते. गर्दी तिथेही आहे, कारण बसगाड्या अपुऱ्या आहेत. पण मार्गिका सरकारशिवाय कोण देणार होते? (मटाटूतली गाणी मात्र कोणत्याही सरकारी बसमध्ये मिळणार नाहीत, हे मान्य.)

मुक्काम_नैरोबी:
मार्गिकेचा मुद्दा बिनतोड आहे. माझा अविश्वास वेगळ्या कारणाने आहे: २०२२ मध्ये नैरोबीत सुमारे सत्तावीस किलोमीटरचा द्रुतगती मार्ग खुला झाला, तोही पथकर भरणाऱ्यांसाठी, खालच्या मोम्बासा रस्त्यावरची मटाटू पूर्वीसारखीच खोळंबते.

नियमप्रिय:
मग तक्रार सरकारने हात घातल्याची नाही, मोटारवाल्यांसाठी घातल्याची आहे. तसे असेल तर आपला वाद बराच लहान झाला. आता एवढेच सांगा: मटाटूचालकांना स्वतंत्र मार्गिका दिली, तर त्या बदल्यात पावसातले वाढीव भाडे ते सोडतील का?