शब्दचर्चा : संसदेतले ‘बॅलट’ म्हणजे मतदान की सोडत?

अमळनेरहून विचारणा : स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मी टिपणे तयार करते. एका टिपणात ‘लोकसभेत खासगी विधेयकांचे प्राधान्य मतदानाने ठरते’ असे वाक्य आले आहे. मूळ शब्द ‘बॅलट’ असल्यामुळे ‘मतदान’ घेतले असावे. हे वाक्य ठेवावे का?

धुळ्याहून उत्तर : ताई, हे वाक्य अवश्य बदला. मुले ते पाठ करतील आणि चुकीचेच लक्षात ठेवतील. त्यातले तीन शब्द दुरुस्त करावे लागतील.

पहिला ‘मतदान’. ‘बॅलट’चे मूळ ‘लहान गोळी’ या अर्थाच्या इटालियन शब्दात आहे. गोळी टाकून मत देत, तशीच ती काढून नावही ठरवत. मराठीत मात्र आपण मतपत्रिकेचाच अर्थ धरून बसलो. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सत्राच्या सुरुवातीला काचेच्या भांड्यातून क्रमांक काढून विधेयक मांडण्याची आधी संधी मिळणाऱ्या २० सदस्यांची नावे ठरवतात, तर न्यूझीलंडमध्ये कोणते विधेयक घ्यायचे ते ठरवायला बिस्किटांचा जुना डबा वापरतात. यात कोणी कोणाला मत देत नाही. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणासाठी तहसील कार्यालयात जे होते ते आठवून पाहा : बरणीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या टाकतात, शाळेतल्या एखाद्या मुलाला पुढे बोलावून त्याच्या हातून एक चिठ्ठी काढतात आणि अधिकारी ती उलगडून सर्वांना दाखवतात. या प्रकाराला आपण ‘सोडत’ म्हणतो आणि तोच शब्द येथे चपखल बसतो. ‘ईश्वरचिठ्ठी’ मात्र नको, कारण ती मते समसमान पडल्यावर काढतात.

दुसरा ‘खासगी’. मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याने, मग तो सत्ताधारी बाकावरचा का असेना, मांडलेले विधेयक येथे अभिप्रेत आहे. म्हणून विधिमंडळाच्या कामकाजात रुळलेला ‘अशासकीय’ हाच शब्द योग्य होय. शिवाय ब्रिटनमध्ये एखाद्या विशिष्ट संस्थेपुरत्या किंवा व्यक्तीपुरत्या मांडलेल्या विधेयकाचा प्रकार वेगळा आहे, आणि ‘खासगी विधेयक’ हे नाव त्याला शोभते.

तिसरा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘प्राधान्य’ म्हटले की विषयाचे मोल कोणीतरी तोलले असे ध्वनित होते. सोडतीत फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढेच ठरते, म्हणून तेथे ‘अग्रक्रम’ म्हणावे.

अमळनेरहून पुन्हा : मग विधेयकाचे महत्त्व कोणीच पाहत नाही का?

धुळ्याहून उत्तर : पाहतात. लोकसभेची अशासकीय विधेयके व ठराव समिती मांडल्या गेलेल्या विधेयकांचे स्वरूप, निकड आणि महत्त्व पाहून ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग करते, आणि ‘अ’ वर्गाला ‘ब’च्या आधी स्थान मिळते. तेथे ‘प्राधान्य’ शोभते. एका वर्गातल्या विधेयकांचा आपसांतला क्रम मात्र सोडतीने लागतो. ठरावांसाठी तर सदस्यांच्या नावांचीच सोडत निघते. या क्रमाला एवढे वजन येते ते वेळेमुळे : अशासकीय कामकाजाला साधारणपणे शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात, त्यातही एका शुक्रवारी विधेयके आणि पुढच्या शुक्रवारी ठराव. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. मागचा क्रम आला तर चर्चेची पाळीच येत नाही. वर्गात अहिराणी बोलणारी मुले असतील, तर ‘त्याना नंबर लागना’ (त्याचा नंबर लागला) एवढे म्हटले तरी त्यांना पुरे होईल. टिपणात असे लिहावे : ‘लोकसभेत समिती अशासकीय विधेयकांचे वर्ग ठरवते आणि प्रत्येक वर्गातील अग्रक्रम सोडतीने ठरतो.’