रोबोटिकने प्रोस्टेट काढलं, कॅन्सर परत येतो का?

बाबा ६७ वर्षांचे, मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं, ग्लिसन (कॅन्सर किती आक्रमक त्याचा स्कोअर) ३+४, मार्जिन निगेटिव्ह (काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही). रोबोटमुळे परत यायचा चान्स कमी होतो का हो? खर्च तर दणदणीत झालाय

> रोबोट हे नुसतं हत्यार, चालवतो सर्जनच. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ट्रायलमध्ये ओपन (मोठा छेद देऊन) आणि रोबोटिक, २ वर्षांनी लघवीवरचा ताबा वगैरे जवळपास सारखाच. पुढचं सगळं ग्लिसन, मार्जिन, लिम्फच्या गाठींवर. तुमचा रिपोर्ट बरा वाटतोय

> माझ्या सासऱ्यांचं ५ वर्षं पीएसए (प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट) शून्यासारखं, मग लागोपाठ दोनदा ०.२ च्या वर गेलं, रेडिएशन दिलं, आता मस्त फिरतात, पण टेस्ट चुकवू नका, आम्ही एकदा आळस केला होता

> पहिली पीएसए कधी करायची?

> साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, आधी केली तर उगाच टेन्शन