सिंहगड रोडला रीसेल फ्लॅट बघतोय, एरिया खरंच माहीत असलेला एजंट कसा ओळखायचा?

नाशिककर_पुण्यात: नमस्कार मंडळी, बदली होऊन पुण्यात आलोय, वडगाव-धायरी-नऱ्हे पट्ट्यात २ बीएचके रीसेल बघतोय. पोर्टलवरनं एजंटांना फोन केले तर सगळे त्याच फ्लॅटचे फोटो वेगवेगळ्या किमतीला पाठवतात. एकाला पाणी कसंय विचारलं तर म्हणे "सर चोवीस तास", आणि तेव्हाच खाली टँकरचा पाईप टाकीत सोडलेला, टपटप चालू. असल्याला कशाला ब्रोकरेज द्यायचं?

धायरीचा_जुना: पहिलं म्हणजे त्याला विचार, ही बिल्डिंग बांधली तेव्हा गाव कुणाकडे होतं आणि प्लॅन कुणी पास केला. वडगाव आधीपासून महापालिकेत आहे, धायरी २०१७ ला आली, नऱ्हे तर २०२१ ला. त्यामुळे नऱ्ह्यात ग्रामपंचायतीच्या परवानगीवरच्या बिल्डिंगी सापडतात, काही पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि बँक लोन देताना इथेच अडते. तिथे फिरणारा एजंट हे फोनवरच सांगतो, की सर त्या बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) नाही, लोन हवं असेल तर पुढच्या सोसायटीत बघू. जो प्रत्येक फ्लॅटला "क्लिअर टायटल आहे सर" म्हणतो त्याला सोडून दे. आणि कागद काहीही असोत, सर्च रिपोर्ट (मालकीचे जुने कागद तपासल्याचा अहवाल) आपल्या वकिलाकडनंच, एजंटच्या ओळखीच्या नको.

मुठाकाठी: नदीकडच्या बाजूला बघत असशील तर पुराचं विचारच. जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत खालच्या मजल्यांत पाणी शिरलेलं, लोकांना बोटीतनं काढावं लागलं. त्या भागातल्या एजंटला निळी रेषा, लाल रेषा कुठनं जाते ते माहीत असायलाच हवं (निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या). "तिकडं पाणी येतच नाही" म्हणाला की समजून जा.

कागदपत्रवाली: महारेराच्या (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) साईटवर एजंटचं नाव नक्की बघा, नंबर मागितला की चिडतो तो गेलाच. पण रजिस्ट्रेशन आहे म्हणजे गल्ली माहीत आहे असं नाही हं, २०२३ च्या नियमानं ट्रेनिंग आणि परीक्षा आली, त्यात कायदा विचारतात, धायरी फाट्याचं ट्रॅफिक नाही 😄 किमतीचं म्हणाल तर त्याच सोसायटीतल्या मागच्या एक-दोन सौद्यांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या सौद्याचा उतारा, त्यात किंमत असते) दाखव म्हणा. आयजीआरच्या (नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) साईटवर आपल्यालाही शोधता येतात, कंटाळवाणं आहे पण पोर्टलवरची किंमत आणि नोंदलेली किंमत यातला फरक बघून डोळे उघडतात. ब्रोकरेज दोन टक्के मागतात, बोललात की एकावर येतात, पण कधी द्यायचं ते आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. टोकनलाच अर्धं मागतात काही जण, द्यायचं नाही.

धायरीचा_जुना: +१ इंडेक्स टू ला.

साधा_माणूस: एवढं कशाला, इस्त्रीवाल्याला विचारा. कुठला फ्लॅट रिकामा आहे, मालक कुठे राहतो, टँकर कधीपासून येतोय, सगळं त्याला माहीत.

नाशिककर_पुण्यात: @साधा_माणूस हे भारी 😂 शनिवारी एक नऱ्ह्याचा एजंट भेटतोय, त्याला आधी भोगवट्याचंच विचारतो. इंडेक्स टू शोधायला मालकाचं नाव लागतं का सोसायटीचं चालतं?

कागदपत्रवाली: गाव आणि मिळकत नंबर टाका, म्हणजे सर्व्हे नंबर. तो एजंटकडनंच घ्या, लगेच सांगता आला नाही तर तेही कळेल तुम्हाला.